वसुबारस आणि वासराचा वाटा

आश्विन वद्य द्वादशीच्या सायंकाळी, गुरे रानातून घराकडे परतण्याच्या वेळी, अंगणात पहिली पणती लागते आणि दीपावलीच्या मंगल पर्वास आरंभ होतो. धन्वंतरी, लक्ष्मी, बळीराजा आणि भाऊबीज या सर्वांच्या आधी मान असतो तो गोठ्यातील सवत्स धेनूचा. या व्रताचे शास्त्रोक्त नाव गोवत्सद्वादशी. नुसत्या गायीचे पूजन करून हे व्रत पुरे होत नाही. तिच्या कासेशी वासरू उभे असले पाहिजे, असा आपल्या पूर्वजांचा आग्रह आहे. सुवासिनी गायीच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू वाहतात, गळ्यात माळ घालतात, आणि मग तोच हात वासराच्या कपाळाकडे वळतो. त्या दिवशी घरात गायीचे दूध, दही, ताक, तूप वर्ज्य असते; गहू आणि मूग खाल्ले जात नाहीत; बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी यांवर उपास सोडला जातो.

दूध वर्ज्य का, याचा विचार आपण फारसा करीत नाही. दूध मुळात वासराचे आहे, त्याचा वाटा राहिल्यावर मग ते आपले, ही जाणीव वर्षातून एक दिवस जागी ठेवण्याची ही रीत आहे, असे आम्हांस वाटते. सणाच्या या पानावर गोठ्याच्या आणि चाऱ्याच्या चार गोष्टी सांगण्याचे धाडस आम्ही त्याच जाणिवेपोटी करीत आहोत. ज्या वाचकांच्या दारी गाय आहे त्यांना त्या उपयोगी पडतील. ज्यांच्या दारी दुधाची पिशवी येते त्यांनाही त्यांतील काही आपल्याशा वाटतील.

अजाणतेपणाची कहाणी

वसुबारसेची कहाणी घरोघरी थोडी निराळी सांगितली जाते. तिचा गाभा मात्र एकच आहे. सासू शेतावर जाताना सुनेला गहू-मूग शिजवून ठेवण्यास सांगते. गोठ्यातील दोन वासरांची नावेही नेमकी गव्हाळी-मुगाळी अशीच असतात. घरात नवी आलेली, भोळी सून शब्दाचा भलताच अर्थ घेते आणि वासरांचा घात होतो. संध्याकाळी गाय हंबरत दारी येते तेव्हा झाला प्रकार सासूला उमगतो. ती देवापाशी धरणे धरते आणि तिच्या भक्तीने वासरे पुन्हा उठून गायीला लुचू लागतात. गहू आणि मूग वर्ज्य करण्याची चाल या कहाणीतून आली, असे मानतात.

या कहाणीतील सून दुष्ट नाही, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. वासरे गेली ती क्रौर्याने नव्हे, अजाणतेपणाने. आजही खेडोपाडी जी वासरे जन्मल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत दगावतात, त्यांतील कितीतरी याच कारणाने दगावतात. मालकाचे गायीवर प्रेम असते, तो तिची पूजा करतो. परंतु पिढ्यान् पिढ्या चालत आलेला एक गैरसमज त्याचा हात वासरापासून दूर धरतो.

तो गैरसमज असा : गाय व्याल्यावर तिचा जार पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये, पाजल्यास जार आत अडकतो. कोठे दोन तास, कोठे सहा तास, तर कोठे रात्रभर वासरू उपाशी बांधून ठेवतात. वास्तविक घडते ते याच्या अगदी उलट. वासरू लुचू लागले म्हणजे गायीच्या शरीरात पान्हा सोडणारे संप्रेरक स्रवते. त्याच संप्रेरकाने गर्भाशय आकुंचन पावते आणि जार सुटण्यास साहाय्य होते. म्हणजे चीक पाजल्याने जार अडकत नाही, उलट लवकर पडतो. तो साधारणतः आठ ते बारा तासांत पडावयास हवा. न पडल्यास पशुवैद्यकास बोलवावे. लोंबणाऱ्या जाराला दगड किंवा जुने पायताण बांधणे, हाताने ओढून काढणे हे प्रकार गायीच्या जिवावर बेततात किंवा ती पुढे गाभण राहत नाही.

चिकाची ही घाई कशासाठी, हेही समजून घेतले पाहिजे. मनुष्याच्या बाळाला आईच्या उदरात असतानाच रोगांशी झुंजणारी प्रतिपिंडे नाळेतून मिळतात. गायी-म्हशींच्या बाबतीत निसर्गाची योजना वेगळी आहे. त्यांच्या गर्भवेष्टनातून ही प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. वासरू जगात येते ते रोगांपुढे निःशस्त्र. त्याची सारी शस्त्रे आईच्या चिकात ठेवलेली असतात. आणि त्याचे आतडे ही प्रतिपिंडे जशीच्या तशी शोषून घेऊ शकते ते केवळ पहिल्या दिवसापुरते. प्रत्येक तासागणिक ती शक्ती कमी होत जाते आणि चोवीस तासांनंतर ती जवळजवळ संपते. त्यानंतर पाजलेला चीक पौष्टिक असतो खरा, पण ढाल म्हणून त्याचा उपयोग उरत नाही.

म्हणून वासरू जन्मताच त्याच्या नाकातोंडातील चिकटा पुसावा, गायीला त्याला चाटू द्यावे. नाळ बेंबीपासून सुमारे दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून निर्जंतुक कात्रीने कापावी व तिला टिंक्चर आयोडीन लावावे. गायीची कास कोमट पाण्याने धुऊन, पहिल्या चार धारा बाजूला काढून तासाभराच्या आत वासराला पाजावे. पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला पाहिजे. पंचवीस-तीस किलोंच्या संकरित वासराला अडीच ते तीन लिटर, लहानखुऱ्या गावरान वासराला दोन लिटर. आणि त्यातला मोठा भाग पहिल्या दोन तासांत.

आता खरवसाविषयी. खरवस आवडत नाही असे मराठी घर विरळा, आणि आमचेही त्याशी वैर नाही. संकरित गाय पहिल्या दिवसांत वासराच्या गरजेहून कितीतरी अधिक चीक देते. तो वाया जाण्यापेक्षा शेजारच्या घरी खरवस झाला तर त्यात पाप नाही. परंतु गावरान गायीचा चीक मोजकाच असतो. पहिल्या दोन वेळच्या धारा वासरासाठीच राखाव्यात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उरेल तो शेजारी वाटावा. शहरातील गृहिणींनी गवळ्याकडे चिकाची मागणी करताना, "वासराचे पोट भरले का?" एवढे विचारावे. मागणाऱ्याने विचारले म्हणजे देणारा सांभाळून वागतो. ज्या गोठ्यात शीतपेटी आहे तेथे उरलेला चीक गोठवून ठेवावा. एखादी गाय विताना दगावली किंवा तिला चीकच आला नाही, तर पोरके वासरू त्यावर वाचते.

चीक संपल्यावर पहिला महिनाभर रोज वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके दूध, दुसऱ्या महिन्यात पंधराव्या आणि तिसऱ्या महिन्यात विसाव्या हिश्श्याइतके, असे प्रमाण धरावे. दुसऱ्या आठवड्यापासून वासरांचा खास खुराक मूठ-मूठ चाखवावा आणि कोवळे गवत पुढ्यात टाकावे. त्यानेच त्याचे रवंथ करणारे पोट तयार होते. जुन्या घरांत चारांपैकी एक सड वासराचा, असा अलिखित करार असे. तो करार शास्त्राच्या हिशेबालाही फारसा सोडून नाही. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. वसुबारसेला दूध वर्ज्य म्हणून त्या दिवशी वासराला मोकळे सोडून सारी कास त्याच्या हवाली करणारे भाविक आम्हांस ठाऊक आहेत. हेतू थोर आहे, पण एका दिवसाचे हे औदार्य लहानग्याच्या पोटाला झेपत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याला हगवण लागते. रोजचा वाटा रोज द्यावा.

पैठणच्या वाटेवरचे रेडकू

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की साधारण निम्म्या वाटेवर बिडकीन लागते. पुढे नाथांचे पैठण, गोदावरीचे घाट आणि नाथसागराचे अफाट पाणी. या वाटेने जाणाऱ्या भाविकाला दोन कथा हटकून आठवतात. एक, काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक तहानेने व्याकूळ झालेल्या गाढवाच्या मुखी घालणाऱ्या एकनाथ महाराजांची. दुसरी, ज्ञानेश्वर माउलींनी पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची.

ज्या भूमीत रेड्याच्या मुखी वेद आले अशी आपली श्रद्धा आहे, त्याच भूमीत, आणि महाराष्ट्रात सर्वत्रच, म्हशीच्या पोटी जन्मलेल्या नर रेडकाची जी हेळसांड होते ती पाहून आम्हांस खेद होतो. पारडी झाली तर तिला दूध मिळते. रेडा झाला तर त्याला पान्हा सोडण्यापुरते कासेला लावून ओढून घेतात. ट्रॅक्टर आल्यापासून संकरित गोऱ्ह्याचीही तीच गत आहे. गोऱ्हा शेताला नको, रेडा कोणालाच नको, हा व्यवहार आम्ही जाणतो. शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पशुखाद्याचे भाव आणि दुधाचा दर यांच्या चिमट्यात सापडलेल्या माणसाला ते शोभते, लिहिणाऱ्याला नाही. तरीही चीक आणि पहिल्या पंधरवड्याचे दूध यांत नर-मादी भेद करू नये, एवढी विनंती आम्ही करू. त्याचा रोकडा फायदाही आहे : रेडकू किंवा वासरू दगावल्यास अनेक म्हशी आणि गावरान गायी पान्हा चोरतात आणि सबंध वेताचे दूध बुडते.

रेडकांचा खरा काळ ठरतो तो पोटातील गोल जंत. त्यांच्या एका जातीची अळी म्हशीच्या दुधातूनच रेडकाच्या पोटात उतरते. अंग धरेनासे होते, केस ताठ होतात, शेणाला दुर्गंधी येते, पोट सुटते. म्हणून दहा-पंधरा दिवसांचे होताच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध पाजावे आणि सहा महिन्यांपर्यंत ते दरमहा चालू ठेवावे. आपल्याकडे बहुसंख्य म्हशी श्रावण ते मार्गशीर्ष या काळात वितात. तेव्हा दिवाळीचे दिवस म्हणजे रेडकांच्या जीवन-मरणाचेच दिवस होत. कार्तिकाच्या थंडीत त्यांच्या अंगाखाली कोरडे काड अंथरावे आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचे पडदे लावावेत. पण गोठा हवाबंद करू नये. मूत्राची वाफ कोंडली की छातीचे विकार जडतात.

कडब्याचा हिशेब

बिडकीनचा उल्लेख आम्ही केवळ पैठणच्या वाटेवरचे गाव म्हणून केला नाही. गोधनापुढे आज उभा असलेला प्रश्न या परिसरात फार स्पष्ट दिसतो. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील बिडकीन औद्योगिक क्षेत्र सुमारे ७,८५५ एकरांचे असून २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे राष्ट्रार्पण झाले. कारखाने येतील, हातांना काम मिळेल, शहर वाढेल आणि वाढत्या शहराला दूधही अधिक लागेल. पण ज्या शिवारात बांधावरचे गवत, गायरान आणि ज्वारीचे धसकट यांवर गाय पोसली जात असे, ते शिवार आकसले आहे. उरलेल्या रानात खरिपात कापूस आणि मका यांचेच राज्य आहे. कापूस पैसा देतो. पण पऱ्हाटी चुलीत जाते, गायीच्या मुखी नाही. ज्वारीचे तसे नाही. ज्वारी एका ताटावर दोन पाने वाढते, दाणा माणसाला आणि कडबा गुरांना.

या जिल्ह्यात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही लहरी. १९७२ च्या दुष्काळात दावणी कशा रित्या झाल्या, हे सांगणारी वडीलधारी मंडळी अजून आपल्या घरांत आहेत. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाड्याने चारा छावण्या पाहिल्या. २०२५ च्या सप्टेंबरात उलटे घडले. अतिवृष्टीने आणि पुरांनी मराठवाड्यात उभी पिके, साठवलेला चारा आणि बांधलेली जनावरे वाहून गेली. चाऱ्याची तजवीज उन्हाळ्यात करावयाची नसते. ती वसुबारसेच्या मागच्या-पुढच्या महिन्यात होते किंवा होतच नाही.

हिशेब अवघड नाही. मोठ्या जनावराला हिरव्या चाऱ्याच्या जोडीला रोज सहा किलो कडबा धरावा. दिवाळीपासून नवे गवत येईपर्यंत आठ महिने, म्हणजे २४० दिवस. दोन जनावरांना सुमारे २९ क्विंटल कडबा लागेल. चांगल्या काळ्या जमिनीत, ओलीने साथ दिल्यास, रब्बी ज्वारीच्या एकरातून वीस क्विंटलांच्या आसपास कडबा मिळतो. म्हणजे दोन जनावरांमागे दीड एकर शाळू. ज्याच्याजवळ चार एकर आहेत त्याने दीड एकर ज्वारीला द्यावे, हे सांगणे सोपे आणि करणे जड आहे, हे आम्ही जाणतो. परंतु चैत्रात विकत घेतलेल्या कडब्याची किंमत आणि दीड एकरातील इतर पिकाचा नफा यांचा ताळा एकदा घरात बसून करावा. अनेकांना उत्तर अनपेक्षित मिळेल.

रब्बी ज्वारीच्या पेरणीचा योग्य काळ म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. उशिरा पेरलेल्या ज्वारीला ओल पुरत नाही. सोलापूरकडची जुनी मालदांडी अजूनही कडब्याच्या गोडीसाठी नावाजलेली आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची परभणी मोती ही जातही दाणा आणि कडबा दोन्ही देते. ज्या वर्षी अधिक मासामुळे वसुबारस नोव्हेंबरात येते, त्या वर्षी सणापर्यंत थांबून ज्वारी पेरण्यात अर्थ नाही. तेव्हा हरभरा बरा. त्याचे भुसकट जपून ठेवावे. कडब्यात मिसळल्यास गुरे आवडीने खातात. विहिरीला पाणी असेल तर दर दुभत्या जनावरामागे दोन गुंठे लसूणघास याच दिवसांत पेरावा. पहिली कापणी पन्नास-साठ दिवसांत येते आणि पुढे दर महिन्याला. हा चारा प्रथिनांनी इतका समृद्ध आहे की त्यामुळे पेंडीचा खर्च कमी होतो. मात्र उपाशी जनावरासमोर ओला लसूणघास एकटाच टाकू नये, पोट फुगते. आधी कडबा, मग घास. बरसीम आणि ओट यांची पेरणीही याच वेळी करतात. पाणी थोडे अधिक असेल त्याने आफ्रिकन टॉल मका लावून, कणसातील दाणा दुधाळ अवस्थेतून पिठूळ होऊ लागताच कापून, कुट्टी करून मुरघास घालावा. दाबून हवा काढलेला आणि हवाबंद ठेवलेला मुरघास दीड-दोन महिन्यांत तयार होतो आणि उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्याची उणीव भरून काढतो.

कडबा लांबच्या लांब टाकला तर जनावर पाने आणि शेंडे खाते आणि बुडखे पायाखाली तुडवते. कडबाकुट्टी यंत्र भाड्याने आणावे लागले तरी आणावे. गंजी किंवा वळई रचताना खाली दगड अथवा लाकडे घालावीत, वर उतार ठेवून झाकावे. अतिवृष्टीत भिजलेल्या, काळ्या-हिरव्या बुरशीच्या पेंढ्या "गुरेच तर खाणार" म्हणून पुढे टाकू नयेत. बुरशीच्या विषाने गाभण जनावर गाभडते, दूध आटते. सरकीच्या ढेपेलाही हाच नियम लागू आहे.

या दिवसांतील आणखी एक घात सांगितलाच पाहिजे. खरिपाची ज्वारी कापल्यावर बुडख्यांना जे हिरवेगार कोंब फुटतात ते पाहून गुरे मोकळी सोडण्याचा मोह होतो. या कोवळ्या कोंबांत आणि पाण्याअभावी सुकलेल्या लहान ज्वारीत सायनाइडचे विष असते. खेड्यांत यास किराळ लागणे म्हणतात. जनावर धापा टाकते, तोंडाला फेस येतो आणि घटकाभरात कोसळते. पशुवैद्यक पोहोचेपर्यंत अनेकदा वेळ उरत नाही. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी खाऊ घालू नये. कडबा वाळला म्हणजे ही भीती राहत नाही.

नैवेद्याचा घास

आता पूजेकडे वळू. शहरात गायी थोड्या आणि भाविक फार. वसुबारसेच्या संध्याकाळी एकेका गायीपुढे पन्नास-साठ घरांची ताटे येतात. भात, उडदाचे वडे, पुऱ्या, गोडधोड. प्रत्येक माउलीचा हात श्रद्धेचा असतो, पण गायीचे पोट एकच असते. गायीच्या पहिल्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव चाऱ्याचे पचन करीत असतात. शिजलेले अन्न, पीठ आणि गूळ एकदम मोठ्या प्रमाणात गेले की तेथे आम्ल वाढते, रवंथ थांबते, जनावर खाणे सोडते आणि वेळीच उपचार न झाल्यास मरते. पोळ्याला बैलांच्या बाबतीत आणि वसुबारसेला गायींच्या बाबतीत पशुवैद्यकांना हा अनुभव नित्य येतो. तेव्हा नैवेद्याचा एकच घास मुखी द्यावा आणि ताटाऐवजी हिरव्या चाऱ्याची पेंढी न्यावी. लसूणघासाची पेंढी, मक्याची ताटे, ऊसाचे वाढे यांपैकी जे मिळेल ते. गायीला याहून प्रिय नैवेद्य नाही. उरलेले अन्न प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर ठेवणाऱ्यांनी तर थांबावेच. अन्नासोबत पिशवी पोटात जाते, ती कधीही बाहेर पडत नाही.

कुंकू डोळ्यांच्या जवळ लावू नये. आरतीचे निरांजन वासराच्या तोंडाशी नेऊ नये. ते बुजते आणि दावे ओढून स्वतःस इजा करून घेते. फटाके गोठ्यापासून लांब वाजवावेत. आवाजाने दचकलेली गाय त्या वेळी पान्हा सोडत नाही, आणि कडब्याची गंजी एका ठिणगीची धनी असते. पंचामृतासाठी आपण कच्चे दूध वापरतो. सांसर्गिक गर्भपाताचा रोग असलेल्या गायीच्या कच्च्या दुधातून तो रोग माणसाला जडू शकतो. दूध उकळून, गार करून घेतल्याने पावित्र्यात उणेपणा येतो असे आम्हांस वाटत नाही.

दुभत्या गायीची रोजची सेवा पूजेइतकीच नेमाची असावी. शरीरपोषणासाठी एक-दीड किलो खुराक आणि त्यावर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हशीला दर दोन लिटरांमागे एक किलो. रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि तीस ग्रॅम मीठ. पाणी थंडीतही भरपूर हवे. दोहनापूर्वी कास धुऊन कोरडी करावी. दोहनानंतर पुढ्यात चारा टाकून गायीला अर्धा तास उभे ठेवावे, कारण सडांची छिद्रे तेवढा वेळ उघडी असतात आणि बसल्यास शेणामातीतील जंतू आत शिरून कासदाह होतो. गाभण गाय विण्यापूर्वी साठ दिवस आटवावी. त्या दोन महिन्यांच्या दुधाचा लोभ सोडला तर पुढच्या वेतात ते सव्याज परत मिळते, आणि चीकही सकस येतो. म्हशींचा माज थंडीत, बहुधा रात्री किंवा पहाटे येतो आणि मुका असतो. म्हणून निजण्यापूर्वी आणि उजाडताच गोठ्यात एक फेरी मारावी. सकाळी माजावर आलेली गाय-म्हैस सायंकाळी आणि सायंकाळी आलेली दुसऱ्या दिवशी सकाळी फळवावी.

२०२२ साली लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्राच्या गोठ्यागोठ्यांत जे थैमान घातले ते विसरता येण्याजोगे नाही. त्या वर्षी अनेक घरांनी वसुबारसेची पूजा गोठ्यात न जाता चित्रासमोर केली. तो रोग डास, माश्या आणि गोचिडे यांच्यामार्फत पसरतो. गोठ्यातील भिंतींच्या फटींत गोचिडांचे घर असते. त्या लिंपून, चुना मारून घेण्याचे काम दिवाळीच्या सारवणाबरोबरच उरकावे. लम्पीची लस दरवर्षी टोचून घ्यावी. लाळ-खुरकुताची लस सहा महिन्यांनी आणि कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची एकच लस, हे दोन्ही कार्यक्रम २०१९ पासून केंद्र शासनाच्या राष्ट्रीय योजनेतून विनामूल्य चालतात. कानाला बारा अंकांचा बिल्ला मात्र हवा.

आज सायंकाळी कोणाच्या गोठ्यात गाय व्याली, तर तिचे वासरू माघ वद्य द्वादशीला, महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी, चार महिन्यांचे होईल. त्याच सुमारास शाळूची काढणी सुरू असते आणि घरातील सारे हात रानात गुंतलेले असतात. म्हणून दिनदर्शिकेच्या त्या पानावर आजच खूण करून ठेवावी. त्या दिवसांत वासराला लाळ-खुरकुताची पहिली लस द्यावयाची आहे, कालवड असल्यास सांसर्गिक गर्भपाताचीही. आणि त्यानंतर महिनाभराने, गुढीपाडव्याच्या आसपास, लाळ-खुरकुताची दुसरी मात्रा.